सुटलेले चार झेल

२० ऑगस्ट २०२१च्या रात्री वॉशिंग्टन शहराजवळच्या लँडोव्हर इथे अमेरिकन फुटबॉलचा एक सामना झाला. सिनसिनाटी बेंगल्स विरुद्ध वॉशिंग्टन. हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे बाकी होते. हा सराव सामना होता आणि अशा सामन्याचा निकाल कुठल्याही गुणतक्त्यात धरला जात नाही. तरीही त्या रात्री सिनसिनाटीतल्या अनेक घरांत लोक अस्वस्थ होऊन झोपले असतील. संघाने चारच महिन्यांपूर्वी मोठ्या आशेने घेतलेल्या जमार चेस या २१ वर्षांच्या खेळाडूकडे तीन चेंडू आले आणि तिन्ही सुटले. चेंडू झेलण्यासाठी म्हणूनच त्याला घेतलं होतं.

त्या ऑगस्टचा पूर्ण हिशेब सांगायचा तर सराव सामन्यांत त्याच्या दिशेने पाच चेंडू फेकले गेले. त्यातला एक हातात बसला, चार सुटले. बेंगल्सचे चाहते याबद्दल अखंड बोलत होते. चुकीचा माणूस घेतला का? पोराला मोठ्या पातळीचं दडपण आलंय का? वर्षभर न खेळल्याचा हा परिणाम आहे का?

पुढे काय झालं हे आज हा खेळ पाहणाऱ्या सर्वांना माहीत आहे. तोच चेस त्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. त्यामुळे चाहते उगाच घाबरले होते, असं म्हणून हा विषय मिटवला जातो. मला ते पटत नाही. काळजीला कारण होतं, डोळ्यांसमोर घडलेल्या चुकाही खऱ्या होत्या. पण सराव शिबिरात जे दिसतं ते कशामुळे दिसतं हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही, आणि चेसचं प्रकरण त्या दृष्टीने फार शिकवणारं आहे.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडी ओळख. मैदान १०० यार्ड लांब, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावं लागतं. तेवढं जमलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. चेंडू मैदानाच्या पलीकडच्या टोकाला नेला की टचडाउन होतं. आक्रमणाचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. तो चेंडू फेकतो, आणि आधी ठरलेल्या वाटेने धावत जाऊन तो झेलणारा असतो रिसीव्हर. या दोघांचं जुळण्याआधी आणखी एक गोष्ट जमावी लागते. क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड बचावपटूंना दोन-तीन सेकंद थोपवून धरायचं. हे काम पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन करते. प्रेक्षकांना त्यांची नावंही सहसा आठवत नाहीत, पण ती भिंत ढासळली की बाकी सगळं कोसळतं.

नॅशनल फुटबॉल लीगमध्ये ३२ संघ आहेत. दर वसंतात विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला पहिली निवड. त्यामुळे पराभवांनी पिचलेल्या गावात एप्रिल महिना हा आशेचा महिना असतो. बेंगल्स २०१९मध्ये १६ पैकी दोन सामने जिंकले होते. त्या बदल्यात त्यांना २०२०ची पहिली निवड मिळाली आणि त्यांनी जो बरो हा क्वार्टरबॅक घेतला. बरो उत्तम खेळत होता, पण त्याच्यापुढची भिंत कच्ची होती. दहा सामन्यांत ३२ वेळा त्याला चेंडूसकट जमिनीवर लोळवलं गेलं आणि त्या दहाव्या सामन्यात, २२ नोव्हेंबर २०२० रोजी, त्याच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. संघ त्या हंगामात चार सामने जिंकला. २०२१च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या वाट्याला पाचवी निवड आली.

खरा वाद इथे सुरू झाला. एका बाजूला होता ऑरेगन विद्यापीठाचा पेने सूएल. भला दांडगा, चपळ, बरोच्या पुढे भिंत म्हणून उभा राहील असा. दुसऱ्या बाजूला जमार चेस. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या २०१९च्या अपराजित, १५ पैकी १५ सामने जिंकलेल्या संघात तो बरोचाच जोडीदार होता. त्या हंगामात त्याने ८४ झेल, १,७८० यार्ड आणि २० टचडाउन अशी कामगिरी करून देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठीय रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कार मिळवला होता. गुडघा फाटलेल्या मुलाला आधी संरक्षण द्यावं की त्याचा जुना मित्र आणून द्यावा, यावर सिनसिनाटीत महिनोन्‌महिने भांडणं झाली. २९ एप्रिलला संघाने चेस घेतला. सूएलला सातव्या निवडीवर डेट्रॉइटने उचललं.

म्हणजे चेसच्या हातून सुटणारा प्रत्येक चेंडू एका अर्धवट राहिलेल्या वादात भर घालत होता. ज्यांना सूएल हवा होता त्यांच्यासाठी तो पुरावा होता, ज्यांना चेस हवा होता त्यांच्यासाठी पोटात गोळा.

त्यात या गावाची स्मृती जुनी आहे. २०१७मध्ये बेंगल्सने नवव्या निवडीवर जॉन रॉस नावाचा रिसीव्हर घेतला होता. ड्राफ्टपूर्व चाचणीत त्याने ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पार केले, तो तेव्हाचा विक्रम होता. पण दुखापतीमुळे त्याची तयारीच बिघडली आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. चार वर्षांत तो कधीच स्थिरावला नाही, आणि २०२१च्या वसंतात, म्हणजे चेस येण्याच्या थोडं आधी, तो दुसऱ्या संघात निघून गेला. रॉसच्या पाठोपाठ, दहाव्या निवडीवर, कॅन्सस सिटीने पुढे दिग्गज क्वार्टरबॅक ठरलेल्या पॅट्रिक महोम्सला घेतलं होतं हे लक्षात घेतलं की ती सल किती खोल असेल ते समजतं. या संघाने १९९१च्या जानेवारीनंतर बाद फेरीचा एकही सामना जिंकला नव्हता. एवढ्या वर्षांच्या निराशेनंतर माणूस वाईटाची चाहूल लवकर घेतो. त्याला उतावीळ म्हणणं अन्यायाचं आहे.

आता शिबिराकडे येऊ. जुलैच्या अखेरीला प्रत्येक संघाचं शिबिर सुरू होतं. तेव्हा संघात ९० खेळाडू असतात आणि हंगामाला उरतात ५३. २०२१मध्ये ही कपात तीन टप्प्यांत झाली. १७ ऑगस्टला ८५, २४ ऑगस्टला ८० आणि ३१ ऑगस्टला थेट ५३. बेंगल्सचं शिबिर आता ओहायो नदीकाठी, शहरातल्या त्यांच्या स्टेडियमला लागून असलेल्या मैदानांवर भरतं. काही दिवस चाहत्यांना खुले असतात. बाकीच्या दिवशी काय घडलं ते वार्ताहरांकडून मिनिटामिनिटाला कळतं.

पहिले काही दिवस खेळाडू पूर्ण संरक्षक पोशाखाशिवाय, हळूहळू भार वाढवत सराव करतात. नियमच तसा आहे. या दिवसांत लाइनमधल्या दांडग्यांचं काम जवळजवळ कळतच नाही, कारण खरी धडक नसते. उलट रिसीव्हर आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे बचावपटू एकास एक भिडत असतात आणि तेच सर्वांच्या नजरेत भरतं. त्या एकास एक सरावातही पारडं रिसीव्हरकडे झुकलेलं असतं. मैदान मोकळं, मदतीला दुसरा बचावपटू नाही, क्वार्टरबॅकवर कुणी धावून येत नाही. तिथे रिसीव्हर चमकला म्हणून फार आनंदायचं कारण नसतं आणि बचावपटू हरला म्हणून हाय खायचंही कारण नसतं.

पुढे अकरा विरुद्ध अकरा असा सराव सुरू होतो. पण तिथेही प्रशिक्षक जिंकण्यासाठी खेळवत नाहीत. रोज नवे डाव शिकवले जातात, आणि त्या दिवशी शिकवलेला डाव समोरच्यांनी काहीही केलं तरी खेळायचा असतो. सामन्यात जो डाव क्वार्टरबॅक समोरची मांडणी पाहून बदलला असता, तो सरावात मुद्दाम तसाच चालवला जातो, म्हणजे त्याचं काय होतं ते चित्रफितीत दिसेल. प्रत्येक सराव उंचावरून चित्रित होतो. संध्याकाळी प्रशिक्षक तीच फीत पुढेमागे करून पाहतात. काठावरून पाहणाऱ्याला दिसतो तो एक फसलेला प्रयत्न. खोलीत बसलेल्या प्रशिक्षकाला दिसतं की पोराने तिसऱ्या पावलावर वळायला हवं होतं, तो चौथ्यावर वळला.

नवख्या खेळाडूची मुख्य अडचण तीच असते. विद्यापीठात तो ज्या डावांमध्ये मुरलेला असतो ते इथे वेगळ्या नावांनी, वेगळ्या अंतरांनी, कितीतरी अधिक पर्यायांनी समोर येतात. समोरचा बचाव असा उभा राहिला तर आत वळायचं, तसा उभा राहिला तर बाहेर, आणि हा निर्णय धावता धावता घ्यायचा. क्वार्टरबॅकनेही त्याच क्षणी तोच निर्णय घेतलेला असला पाहिजे. डोकं हिशेब करत असताना पाय मोकळे चालत नाहीत. ज्याचा वेग पाहून त्याला घेतलेलं असतं तो पोरगा ऑगस्टमध्ये मंद दिसतो, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पाठ पक्का झाला की वेग आपोआप परत येतो.

चेसच्या बाबतीत मात्र प्रश्न वेगाचा किंवा वळणाचा नव्हता. चेंडू थेट हातून सुटत होता. आणि हाच सगळ्यात गमतीचा भाग आहे. झेल सुटणं ही रिसीव्हरची सर्वांत ठळक चूक असते. ती समजायला खेळाची जाण लागत नाही, लहान मुलालाही कळते. त्यामुळे तिचा गवगवा जास्त होतो. पण झेल सुटण्यासाठी आधी तो चेंडू रिसीव्हरपर्यंत यावा लागतो, आणि तो येतो कारण रिसीव्हरने पहाऱ्यावरच्या बचावपटूला झुकांडी देऊन जागा काढलेली असते. पहिल्या पाच यार्डांत बचावपटूला धक्काबुक्की करण्याची मुभा असते. त्यातून सुटायचं, मग वेग आणि वळण यांच्या जोरावर एक-दोन यार्डांचं अंतर कमवायचं. व्यावसायिक पातळीवर हे फार थोड्यांना जमतं. ज्याला ते जमत नाही त्याच्याकडे चेंडू येतच नाही, म्हणून त्याच्या नावावर सुटलेले झेलही लागत नाहीत. त्याची आकडेवारी निष्कलंक राहते आणि कारकीर्द संपते. जॉन रॉसच्या त्या पहिल्या हंगामात झेल शून्य होते हे इथे आठवावं.

म्हणून शिबिरात रिसीव्हरकडे पाहताना मी आधी चेंडू येण्यापूर्वीचे दोन सेकंद पाहीन. चेंडू हवेत असताना बचावपटू किती मागे आहे? पहिल्या फळीसोबत तो किती वेळा मैदानात जातो? काल दाखवलेली चूक आज पुन्हा होते का? आणि तो रोज सरावाला उभा राहतो का, की सारखा काठावर बर्फ लावून बसलेला दिसतो? चेस रोज सराव करत होता, पहिल्या फळीत होता, आणि जागा काढत होता. सुटणारे चेंडू वगळले तर काळजीची बाकीची लक्षणं तिथे नव्हती.

मग ते सुटत का होते? सप्टेंबरच्या सुरुवातीला चेसने स्वतःच याचं उत्तर दिलं आणि त्यावरून त्याची बरीच टिंगल झाली. त्याचं म्हणणं असं की लीगचा चेंडू विद्यापीठाच्या चेंडूपेक्षा मोठा आहे आणि त्याच्यावर पांढरे पट्टे नाहीत, त्यामुळे तो येताना नीट दिसत नाही. एवढ्या पैशांचा खेळाडू चेंडूच्या रंगाला दोष देतो म्हणून लोक हसले. पण त्याचं म्हणणं तपासून पाहिलं तर त्यात बराच अर्थ आहे.

विद्यापीठीय चेंडूच्या दोन्ही टोकांजवळ, शिवण असलेल्या बाजूच्या दोन फाळ्यांवर, एकेक इंच रुंदीचा पांढरा पट्टा असतो. चांगला फेकलेला चेंडू स्वतःभोवती गरगर फिरत येतो. तो फिरताना पट्ट्यांचं पांढरं कडं डोळ्यांपुढे लुकलुकतं आणि चेंडूचं टोक कुठे आहे, तो किती झुकलाय, किती जवळ आलाय हे मेंदूला चटकन कळतं. लीगचा चेंडू सगळा तपकिरी. पांढरी असते ती फक्त शिवणीची दोरी. आकाराचंही तसंच आहे. लीगच्या चेंडूचा मधला घेर २१ ते सव्वाएकवीस इंच असावा लागतो, विद्यापीठीय नियमांत तो पावणेएकवीस इंचांपर्यंत चालतो. फरक जेमतेम पाव इंचाचा, पण बोटांना सवय पाव इंचाचीच असते. ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने निघालेला चेंडू २० यार्डांचं अंतर पाऊण सेकंदात कापतो. एवढ्या वेळात डोळे चेंडू शोधत बसले तर हातांसाठी काही उरत नाही.

आपल्याला हे पटायला अवघड जाऊ नये. नोव्हेंबर २०१९मध्ये भारत पहिल्यांदा ईडन गार्डन्सवर गुलाबी चेंडूने कसोटी खेळला, तेव्हा सामन्याआधी विराट कोहलीने सांगितलं होतं की स्लिपमध्ये झेल घेताना हा चेंडू हातावर फार जोरात, जड हॉकीच्या चेंडूसारखा आदळतो. स्लिपमध्ये ज्याचं आयुष्य गेलं त्याला चेंडूचा लेप आणि रंग बदलल्यावर हात नव्याने बसवावे लागले. कोहलीचं ते बोलणं आपण एका जाणत्याचं निरीक्षण म्हणून ऐकलं. २१ वर्षांचा नवखा मुलगा तेच बोलला तेव्हा ती पळवाट वाटली.

दुसरं कारण मला अधिक मोठं वाटतं, आणि तेही चेसने नाकारलं नव्हतं. करोनाच्या साथीत त्याने २०२०चा विद्यापीठीय हंगाम सोडून दिला होता. त्याचा शेवटचा सामना १३ जानेवारी २०२०चा, क्लेमसनविरुद्धचा राष्ट्रीय अंतिम सामना. त्यात त्याने २२१ यार्ड आणि दोन टचडाउन कमावले होते. त्यानंतर थेट ऑगस्ट २०२१. मध्ये १९ महिने गेले. एकट्याने व्यायाम करता येतो, यंत्रातून सुटणारे चेंडू शेकड्याने झेलता येतात. पण कुणीतरी अंगावर येत असताना, चेंडू आणि धडक एकाच क्षणी येणार हे माहीत असताना नजर चेंडूवरच ठेवायची, ही सवय फक्त सामन्यातच टिकते. बहुतेक झेल हातांच्या दोषाने सुटत नाहीत. चेंडू पुरता हातात येण्याआधी डोळे पुढच्या धावेकडे वळतात, तिथे तो सुटतो. शिवाय चेंडू फेकणारा बरो स्वतः शस्त्रक्रियेतून उठलेला होता आणि शिबिराच्या पहिल्या दिवसांत तोही चाचपडत होता. त्याच्या गुडघ्याला जपण्यासाठी सराव सामन्यांत बहुतेक वेळ दुसरेच हात चेंडू फेकत होते.

पाच चेंडू म्हणजे फार लहान नमुना, त्यावरून काही ठरवू नये, असं चाहत्यांना वारंवार सांगितलं गेलं. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. या पातळीवरच्या रिसीव्हरच्या हातून शंभरात साधारण पाच-सात चेंडू सुटतात. अशा माणसाकडून पाचात चार सुटणं निव्वळ योगायोगाने घडणं जवळजवळ अशक्य. म्हणजे काहीतरी बिघडलेलं होतं हे चाहत्यांनी बरोबर ओळखलं होतं. चूक पुढच्या पायरीवर झाली. जे बिघडलंय ते तात्पुरतं आहे की कायमचं, हे त्या पाच चेंडूंवरून कळण्यासारखं नव्हतं. त्यासाठी आधीचा पुरावा पाहायला हवा होता. एका अख्ख्या हंगामात, देशातल्या सर्वोत्तम बचावांविरुद्ध घेतलेले ८४ झेल हा तो पुरावा होता, आणि पाच चेंडूंपुढे त्याचं वजन कितीतरी जास्त होतं. हात कसे आहेत हे माहीत होतं. ते सध्या का चालत नाहीत एवढाच प्रश्न होता.

असं आधीही घडलं होतं. १९८५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने जेरी राइसला सोळाव्या निवडीवर घेतलं. पहिल्या हंगामात त्याच्या हातून इतके चेंडू सुटले की घरच्या मैदानावरच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिसविरुद्ध त्याने १० झेलांत २४१ यार्ड काढले आणि तिथून पुढे तो या खेळातला सर्वश्रेष्ठ रिसीव्हर म्हणून ओळखला गेला. चेसचा विद्यापीठातला सवंगडी जस्टिन जेफरसन २०२०च्या शिबिरानंतर मिनेसोटाच्या पहिल्या दोन सामन्यांत सुरुवातीच्या अकरांतही नव्हता. तिसऱ्या सामन्यात संधी मिळाली, त्याने १७५ यार्ड केले, आणि हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १,४०० यार्ड होते.

पण ही उदाहरणं वाचकाला फसवूही शकतात, कारण जे पुढे मोठे झाले त्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला सावरायला वेळ मिळतो. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११च्या करारापासून नवोदितांचा मोबदला निवडीच्या क्रमांकानुसार ठरतो. चेसचा चार वर्षांचा करार सुमारे ३ कोटी ८ लाख डॉलरचा आणि पूर्ण हमीचा होता. संघ त्याला सोडण्याचा विचारही करू शकत नव्हता. त्याच ऑगस्टमध्ये, त्याच मैदानावर, ड्राफ्टमध्ये कुणीही न घेतलेले काही रिसीव्हर होते. त्यांच्या हातून दोन चेंडू सुटले की ३१ तारखेच्या कपातीत नाव जातं, आणि बहुतेकांसाठी खेळ तिथेच थांबतो. पट्टे नसलेला चेंडू त्यांनाही नवा असतो. त्यांनाही करोनाचं वर्ष भोवलेलं असतं. त्यांचं स्पष्टीकरण विचारायला कुणी जात नाही. चेसची काळजी करणाऱ्या चाहत्यांपेक्षा त्या पोरांची रात्र मला जास्त जड वाटते.

१२ सप्टेंबरला हंगाम सुरू झाला. समोर मिनेसोटा, म्हणजे त्यांच्याकडे जेफरसन. चेसने पाच झेल घेतले, १०१ यार्ड काढले, त्यात ५० यार्डांचं एक टचडाउन. संघ जादा वेळेत २७-२४ जिंकला. ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरविरुद्ध २०१ यार्ड. २ जानेवारी २०२२ला कॅन्सस सिटीविरुद्ध ११ झेल, २६६ यार्ड, तीन टचडाउन. एका सामन्यात नवोदिताने इतके यार्ड त्याआधी कधीच केले नव्हते, आणि त्या विजयाने बेंगल्सने आपला गटही जिंकला. १७ सामन्यांच्या हंगामाअखेर त्याच्या नावावर ८१ झेल, १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन होते. अधूनमधून चेंडू सुटत होतेच, वर्षभर सुटले. पण त्याच्याकडे इतके चेंडू येत होते आणि तो एकेका झेलावर इतकं अंतर कापत होता की सुटलेल्यांची किंमत संघाला सहज परवडत होती. २०२४मध्ये तर झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत तो लीगमध्ये पहिला आला: १२७, १,७०८ आणि १७.

इथे गोष्ट संपवता आली असती, पण चाहत्यांच्या दुसऱ्या काळजीचं उत्तर राहून जाईल. सूएल हवा होता असं म्हणणारे लोक चेसविषयी चुकले, भिंतीविषयी मात्र त्यांचं शब्दशः खरं ठरलं. २०२१च्या नियमित हंगामात बरोला ५१ वेळा पाडलं गेलं, लीगमध्ये सर्वाधिक. बाद फेरीत टेनेसीने त्याला नऊ वेळा लोळवलं, तरी बेंगल्स तो सामना १९-१६ जिंकले. ३१ वर्षांचा दुष्काळ संपला होता, संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी इंगलवुडला लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध बरो पुन्हा सात वेळा खाली गेला. शेवटचं मिनिट सुरू होतं, बेंगल्स २०-२३ असे मागे, चौथा प्रयत्न आणि एक यार्ड हवा. चेस पहाऱ्यावरच्या जेलन रॅम्झीला मागे टाकून मोकळा निसटला होता. बरोची नजर तिथवर पोचायच्या आत एरन डोनाल्ड भिंत फोडून त्याच्या अंगावर आला, बरोने पडता पडता चेंडू कसाबसा भिरकावला आणि तो रिकाम्या जमिनीवर पडला.

मार्चमध्ये बेंगल्सने ऑफेन्सिव्ह लाइनसाठी तीन अनुभवी खेळाडू करारबद्ध केले: ॲलेक्स कॅपा, टेड कॅरस आणि लाएल कॉलिन्स. डेट्रॉइटमध्ये पेने सूएल तोवर स्थिरावला होता. नव्या जागेवर खेळायची सवय नसल्याने त्याचंही पहिलं शिबिर अडखळत गेलं होतं आणि तिथल्या चाहत्यांनीही त्याच ऑगस्टमध्ये नेमकी हीच काळजी केली होती. पुढे तो लीगमधल्या सर्वोत्तम लाइनमनपैकी एक ठरला.